पानामागून पान : ऑनलाइन फॉर्ममधील माहिती पुढे कशी जाते?

आपल्या जव्हार-मोखाडा भागातील मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन महाविद्यालयात गेली, की पहिल्या काही महिन्यांतच तिची गाठ एका लांबलचक फॉर्मशी पडते. तो फॉर्म म्हणजे शिष्यवृत्तीचा. पूर्वी हा कागदावर असे. चार-सहा पाने टाचायची, दाखल्यांच्या सत्यप्रती जोडायच्या, महाविद्यालयाच्या कार्यालयात द्यायचा आणि पोच घेऊन घरी यायचे. आता तो महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. तेथे वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, चालू अभ्यासक्रम, मागील शिक्षण, वसतिगृह अशी पाने एकामागून एक येतात. एक पान भरायचे, जतन करायचे, पुढच्या पानाकडे वळायचे.

संस्थेच्या रविवारच्या संगणक वर्गात एका विद्यार्थिनीने यावर एक प्रश्न विचारला. "पहिल्या पानावर मी माझे नाव लिहिले. चौथ्या पानावर कोणी नाव विचारले नाही. तरी ते पान माझेच, हे त्या संगणकाला कळले कसे?" प्रश्न साधा दिसतो, पण वेब प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांची निम्मी अडचण याच ठिकाणी असते, आणि फॉर्म भरताना होणाऱ्या निम्म्या फजित्याही येथूनच निघतात. म्हणून हा विषय प्रस्तुत लेखासाठी घेतला आहे. आम्ही बँकेतील कारकून, पदवी कला शाखेची. तेव्हा संगणकशास्त्राची परिभाषा बेताने वापरून, काउंटरवरच्या उदाहरणांनीच हे सांगण्याचा प्रयत्न करू.

विसरभोळा सर्व्हर

संकेतस्थळ ज्या दूरच्या संगणकावर ठेवलेले असते त्याला सर्व्हर म्हणतात, आणि आपल्या फोनवर किंवा संगणकावर ते पान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर पान देतो, आणि व्यवहार तेथे संपतो. सर्व्हर मागे काही लक्षात ठेवत नाही. पाच सेकंदांनी त्याच फोनवरून दुसरे पान मागितले, तरी सर्व्हरच्या लेखी तो नवा, अनोळखी मनुष्य. वेबचा व्यवहार ज्या नियमांनी चालतो त्या एचटीटीपीचा हा मूळ स्वभाव आहे.

हा स्वभाव असा का ठेवला? टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे वाचता यावीत म्हणून. वाचनालयातील भिंतीवरचे वर्तमानपत्र वाचायला नाव-गाव सांगावे लागत नाही. वाचणारा कोण होता हे लक्षात ठेवायचे नसल्यामुळे एकच सर्व्हर हजारो लोकांना पाने देऊ शकतो, आणि मध्येच कोणाचे नेट गेले तरी त्याचे काही अडत नाही. वाचण्यापुरते हे उत्तमच होते. पुढे त्याच वेबवर दुकाने आली, तिकिटे आली, बँका आल्या, शासनाचे फॉर्म आले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तोपर्यंत वेब वाचनालयातून बाजारात आलेलेही होते. बाजारात मात्र गिऱ्हाइकाची ओळख ठेवल्याशिवाय भागत नाही.

आता बँकेकडे वळू. संगणक येण्यापूर्वी पैसे कसे काढत, हे ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. खातेदार पैसे काढण्याची स्लिप काउंटरवर देई. कारकून तिच्या मागे आकडा टाकी आणि त्याच आकड्याचा पितळी बिल्ला, म्हणजे टोकन, खातेदाराच्या हातात ठेवी. नंतर ती स्लिप आतल्या आत फिरे. लेजरवर नोंद होई, सही ताडून पाहिली जाई, अधिकारी मंजुरी देई, आणि शेवटी ती कॅशियरकडे पोहोचे. कॅशियर आकडा पुकारी. बिल्ला दाखवला की पैसे. यात एक नियम फार कडक असे. मंजूर झालेली स्लिप पुन्हा खातेदाराच्या हातात जाऊ द्यायची नाही. ती शिपायामार्फतच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई. कारण उघड आहे. मंजुरीनंतर स्लिप बाहेर गेली, तर पाचशेपुढे एक शून्य वाढवायला कितीसा वेळ लागतो?

हे उदाहरण नीट ध्यानात घ्यावे. एका पानावरची माहिती दुसऱ्या पानावर न्यायची, तर मुळात दोनच रीती आहेत. एक तर माहितीचे ओझे गिऱ्हाइकाने स्वतः वाहायचे, नाहीतर ते कचेरीने आत ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला फक्त बिल्ला द्यायचा. पुस्तकांत पाच-सहा पद्धतींची नावे येतात; त्या सगळ्या या दोन रीतींत बसतात.

गिऱ्हाइकाच्या हातून

पहिली पद्धत पत्त्यातून माहिती पाठवण्याची. पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून त्यापुढे माहिती जोडायची. जसे, तालुका बरोबर मोखाडा, वर्ष बरोबर पहिले. यालाच गेट पद्धत म्हणतात. हे पोस्टकार्ड समजावे. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचावे. तो पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो, आणि कोणी तो व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवला तर त्यातील माहितीही पुढे जाते. म्हणून शोधासाठी, यादीचे दुसरे पान दाखवण्यासाठी ही पद्धत चांगली. आधार क्रमांक किंवा पासवर्ड अशा रीतीने कधीही पाठवू नये.

मराठीत काम करणाऱ्याने येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पत्त्यात देवनागरी अक्षरे जशीच्या तशी जात नाहीत. प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट होतात, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व पुढे दोन अंक-अक्षरे असा तीन खुणांनी लिहिला जातो. 'जव्हार' या शब्दात ज, व, हलन्ताची खूण, ह, काना आणि र अशी सहा चिन्हे आहेत. म्हणजे पत्त्यात त्याच्या ५४ खुणा होतात. इंग्रजीत तेच नाव सहा अक्षरांत मावते. 'मोखाडा' मोजून पाहा, त्याच्याही ५४ च भरतात. दोन्ही तालुके येथेही बरोबरीचे! जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पत्त्याची मर्यादा २,०८३ खुणांची होती, तेव्हा मराठीत पूर्ण पत्ता लिहून पुढच्या पानाकडे पाठवणाऱ्याला ती लवकर आडवी येई. आणखी एक खोड अशी, की पत्त्यात अधिकाचे चिन्ह म्हणजे मोकळी जागा. मोबाइल क्रमांक अधिक ९१ ने सुरू करून तसाच पाठवला, तर अधिक गायब होते. त्यामुळे माहिती पत्त्यात घालण्यापूर्वी तिचे संकेतांत रूपांतर करणारे तयार फंक्शन वापरावेच लागते.

दुसरी पद्धत पोस्टची. यात माहिती पत्त्यात न घालता मागणीच्या पोटात घालून पाठवतात. पोस्टकार्डाऐवजी पाकीट. मात्र पाकीट म्हणजे कुलूप नव्हे. वाटेत कोणी ते फोडू नये यासाठी पत्त्याच्या सुरुवातीस एचटीटीपीएस हवे.

आता पहिल्या पानावरची माहिती पाकिटातून दुसऱ्या पानापर्यंत पोहोचली. तिसऱ्या पानाचे काय? सर्व्हर तर विसरला. म्हणून नवशिका प्रोग्रॅमर दुसऱ्या पानात पहिल्या पानाची माहिती लपवलेल्या रकान्यांत ठेवून देतो. हे रकाने पडद्यावर दिसत नाहीत, पण 'पुढे' दाबले की बाकीच्या माहितीबरोबर पुन्हा सर्व्हरकडे जातात. तिसऱ्या पानात दोन्हींची माहिती, चौथ्यात तिन्हींची. गाठोडे प्रत्येक पानाला वाढते. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये, जे २००२ साली आले, व्ह्यू-स्टेट नावाचा असा एक लपलेला रकाना आपोआप तयार होतो आणि पानावरील सर्व घटकांची अवस्था त्यात भरली जाते. शहरातील कार्यालयात बसून पान तयार करणाऱ्याला त्याचे वजन जाणवत नाही. पण खोडाळ्याच्या पुढे, टॉवरची एखादी कांडी येते-जाते अशा जागी बसलेल्या विद्यार्थ्याला तेच ओझे दर वेळी वर पाठवावे लागते आणि पुन्हा खाली ओढावे लागते.

वजनापेक्षाही मोठा दोष विश्वासाचा आहे. लपवलेला म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, एवढाच त्याचा अर्थ. संगणकावर ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबली, की तो रकाना दिसतो आणि बदलताही येतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस परदेशातील काही ऑनलाइन दुकानांनी वस्तूची किंमत अशाच रकान्यात ठेवली होती. लोकांनी ती किंमत बदलून वस्तू मागवल्या. मंजूर स्लिप खातेदाराच्या हातात दिल्याचा हा परिणाम. आमच्या वर्गात आम्ही हे वारंवार सांगतो : गिऱ्हाइकाच्या हातून फिरून आलेली प्रत्येक गोष्ट सर्व्हरवर पुन्हा तपासायची. फीची रक्कम, अभ्यासक्रमाचा वर्ग, उत्पन्नाची मर्यादा यांपैकी काहीही 'मागच्याच पानावर तपासले होते' म्हणून तसेच घेऊ नये. अगदीच बाहेर पाठवायचे, तर सर्व्हरने त्यावर स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने आकडेमोड करून मोहोर उठवावी. मजकूर बदलला की मोहोर जुळत नाही. लाखेने बंद केलेल्या टपालासारखेच हे आहे.

कुकी आणि बिल्ला

१९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी कुकीची युक्ती काढली. तिच्यामागचे कारण आपल्या विषयाच्या गाभ्याचे आहे. नेटस्केपच्या एका ग्राहक कंपनीला ऑनलाइन दुकान चालवायचे होते, पण गिऱ्हाइकाची अर्धवट राहिलेली खरेदी आपल्या सर्व्हरवर साठवून ठेवायची नव्हती. मग ती ठेवायची कोठे? मोंटुलींनी ती गिऱ्हाइकाच्याच संगणकात ठेवली. सर्व्हर पानाबरोबर एक छोटी चिठ्ठी देतो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाकडे पुन्हा जाताना न विसरता दाखवतो. एका संकेतस्थळाची चिठ्ठी ब्राउझर दुसऱ्याला दाखवत नाही. चिठ्ठी साधारण चार हजार बाइटांची, म्हणजे देवनागरीत तेराशे-चौदाशे चिन्हांची. त्यात सबंध फॉर्म मावणार नाही.

तसा तो मावायची गरजही नाही. चिठ्ठीवर फक्त बिल्ल्याचा आकडा लिहायचा, आणि खरी माहिती सर्व्हरवर त्या आकड्याच्या खणात ठेवायची. यालाच सेशन म्हणतात. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीएचपी या भाषेत ही सोय २००० सालच्या चौथ्या आवृत्तीपासून अंगभूत झाली. बिल्ल्याचा आकडा मात्र १, २, ३ असा क्रमाने नसतो, नाहीतर कोणीही शेजारचा आकडा सांगून दुसऱ्याचा खण उघडील. तो लांब आणि अंदाज न येणारा असतो. खातेदार लॉगिन झाला, की जुना आकडा रद्द करून नवा देणे हेही प्रोग्रॅमरचे कर्तव्य. लॉगिनपूर्वी कोणी तो आकडा पाहून ठेवला असल्यास तो निकामी व्हावा म्हणून.

वर्गातील मुले येथे एका ठिकाणी हमखास अडतात. चिठ्ठी ही पानाच्या आधी, मथळ्याबरोबर जाते. पानाचा एक शब्द जरी आधी बाहेर पडला तरी चिठ्ठी पाठवता येत नाही, आणि 'मथळे आधीच गेले' अशा अर्थाची इंग्रजी तक्रार पडद्यावर येते. म्हणून सेशन सुरू करण्याची आज्ञा फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत लिहायची. ती तेथे असूनही तक्रार आली, तर मराठी मुलांनी नोटपॅडकडे पाहावे. मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये जतन करताना नोटपॅडची जुनी आवृत्ती फाइलच्या आरंभी तीन अदृश्य बाइट घालून ठेवते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण सर्व्हरच्या मते पान सुरू झालेले असते! या तीन बाइटांपायी दोन-दोन दिवस डोके खाजवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. फाइल 'बॉम'शिवाय जतन करावी, एवढाच त्यावर उपाय.

एक खिडकी, दोन मुले

बिल्ल्याची पद्धत सर्वांत चांगली, असे आम्ही मानतो. पण तिच्यातही एक खड्डा आहे, आणि फॉर्म भरून देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी तो जरूर ओळखावा.

बिल्ला ब्राउझरला मिळतो, समोर बसलेल्या माणसाला नव्हे. एकाच ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडले तरी बिल्ला एकच. एका ठिकाणी फॉर्म भरून देण्याचे काम चालू असताना घडलेली गोष्ट आमच्या कानी आली. शेवटची तारीख जवळ आलेली, बाहेर रांग. मदत करणाऱ्याने एका टॅबमध्ये एका मुलीचा फॉर्म उघडला. तिचा दाखला यायला वेळ होता, म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये त्याच संकेतस्थळावर एका मुलाचे लॉगिन केले. आता बिल्ला बदलला. खण मुलाचा झाला. पण पहिल्या टॅबमध्ये पडद्यावर अजून मुलीचेच पान दिसत होते, कारण ते आधी येऊन पडलेले होते. दाखला आला, त्या पानावर माहिती भरली, 'जतन करा' दाबले. मुलीची शैक्षणिक माहिती मुलाच्या अर्जात गेली आणि मुलीचे पान रिकामेच राहिले. कोणाची लबाडी नाही, कोणाचा आळस नाही. पुढे दोघांचेही अर्ज त्रुटीत निघाले, आणि ते दुरुस्त करण्यासाठी मोखाड्याहून जव्हारला किती खेपा झाल्या, ते ज्यांनी घातल्या त्यांनाच ठाऊक. या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. जे काही आहे ते एस.टी. आणि घाटाचा रस्ता.

यावर फॉर्म भरणाऱ्याने करायचे ते इतकेच : एका वेळी एका ब्राउझरमध्ये एकच विद्यार्थी, आणि काम संपले की टॅब बंद करून न थांबता 'लॉगआउट' दाबणे. लॉगआउट म्हणजे बिल्ला परत करणे. अगदी घाई असेल तर दुसरा विद्यार्थी दुसऱ्या जातीच्या ब्राउझरमध्ये उघडावा. त्याला स्वतंत्र बिल्ला मिळतो. पण खरी जबाबदारी फॉर्म तयार करणाऱ्याची. त्याने प्रत्येक पानात अर्ज क्रमांक ठेवावा आणि माहिती घेताना तो बिल्ल्याच्या मालकाशी ताडून पाहावा. जुळला नाही तर जतन करू नये, स्पष्ट सांगावे. स्लिपमागचा आकडा आणि हातातला बिल्ला जुळल्याशिवाय कॅशियर कोठे पैसे देत असे?

वेळ संपली

बिल्ले कायमचे वाटून चालत नाहीत. खण भरत जातात. म्हणून काही काळ हालचाल नसलेला खण सर्व्हर रिकामा करतो. पीएचपीत हा काळ, वेगळे काही सांगितले नाही तर, १,४४० सेकंदांचा म्हणजे २४ मिनिटांचा असतो. एएसपी डॉट नेटमध्ये २० मिनिटे. बँकांची संकेतस्थळे तर त्याहून लवकर दार लावतात, आणि पैशाच्या बाबतीत ते योग्यच आहे.

आता हालचाल म्हणजे काय, ते पाहू. येथेच पुष्कळ गैरसमज आहे. आपण पानावर टाइप करत असतो तेव्हा सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. पान त्याने दिले, व्यवहार संपला. पुढचे बटण दाबेपर्यंत तो आपल्याला उठून गेलेले समजतो. एक बोट शोधत मराठी टाइप करणारा विद्यार्थी, मागील शिक्षणाच्या पानावर दहावी-बारावीच्या गुणपत्रिका काढून आकडे भरणारी मुलगी, यांची अर्धी घटका सहज जाते. त्यातच मोबाइलवर येणारा ओटीपी. दिवाळीनंतर आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर, भिवंडी-वसईकडे जातात. आधारला जोडलेला मोबाइल बापाच्या खिशात भट्टीवर, आणि मुलगी वसतिगृहात. तिने कोणाच्या तरी फोनवरून निरोप द्यायचा, बापाने चार जणांना विचारून आकडे वाचून दाखवायचे. तोवर ओटीपीची मुदत संपते, कधी सेशनचीही. मग 'पुन्हा लॉगिन करा' एवढीच ओळ, आणि भरलेले पान कोरे.

वीस मिनिटे हा आकडा निसर्गाने ठरवलेला नाही. कोणा प्रोग्रॅमरने तो तसाच राहू दिलेला असतो. म्हणून आपली जी मुले हे शिक्षण घेत आहेत, ज्यांतील काही उद्या असेच फॉर्म तयार करतील, त्यांना आमचे सांगणे आहे की सेशनला कपाट समजू नये. तो काउंटरवरचा ट्रे आहे. प्रत्येक पान आले, की ते लगेच डेटाबेसमध्ये 'अपूर्ण अर्ज' म्हणून लिहून टाकावे, लेजरवर नोंद करावी तसे, आणि सेशनमध्ये फक्त अर्ज क्रमांक ठेवावा. बिल्ला हरवला तरी लेजर हरवत नाही. विद्यार्थी दोन दिवसांनी दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या फोनवरून लॉगिन झाला, तरी त्याला सोडले होते तेथूनच सुरुवात करता आली पाहिजे. मुदत संपण्याच्या दोन मिनिटे आधी पडद्यावर सूचना द्यावी आणि 'आणखी वेळ हवा' असे बटण ठेवावे. शेवटच्या तारखेला गर्दी वाटून घेण्यासाठी अनेक सर्व्हर लावतात. तेव्हा खण कोणा एकाच सर्व्हरच्या पोटात ठेवू नयेत. एका काउंटरचा बिल्ला शेजारच्या काउंटरवर चालला नाही, तर गिऱ्हाईक उगाच बाहेर काढले जाते.

अधूनमधून नेट जाणाऱ्या ठिकाणांसाठी आणखी एक सोय अलीकडच्या ब्राउझरांत आहे. तिला लोकल स्टोरेज म्हणतात. कुकीपेक्षा ती पुष्कळ मोठी, सामान्यतः पाच मेगाबाइटची असते, आणि प्रत्येक मागणीबरोबर तिची ने-आण होत नाही. टाइप केलेला मजकूर दर काही सेकंदांनी तेथे ठेवत गेले, तर नेट गेले, फोन बंद पडला, तरी कच्चे टिपण शिल्लक राहते. स्वतःच्या फोनवर ही चांगली सोय आहे. पण सेवा केंद्रातील सामायिक संगणकावर तेच टिपण पुढच्या गिऱ्हाइकासमोर उघडे पडू शकते. तेव्हा तेथे सेशन स्टोरेज बरे, जे त्या एका टॅबपुरतेच असते आणि टॅब बंद होताच जाते. आधार क्रमांक मात्र दोन्हींत ठेवू नये.

शेवटचे बटण

अर्ज पूर्ण झाला, 'सादर करा' दाबले, आणि चकती फिरत राहिली. माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. नेट संथ असेल तर चार वेळा दाबतो. अर्ज पहिल्याच वेळी पोहोचलेला असतो, अडकलेले असते ते परत येणारे उत्तर. आणि सर्व्हर विसरभोळा असल्याने चारही मागण्या त्याला नव्याच वाटतात. फीच्या बाबतीत हे फार महागात पडते. बँकेत पैसे दिले की स्लिपवर 'पेड'चा शिक्का बसतो. ती स्लिप पुन्हा पुढे आली तरी कॅशियर फसत नाही. येथेही तेच करायचे. फॉर्म देतानाच त्यात एकदाच चालेल असा क्रमांक घालावा, पहिल्यांदा आला की त्यावर शिक्का मारावा, पुन्हा आला तर नवा अर्ज न करता 'आपला अर्ज मिळाला आहे' म्हणून जुनीच पोच दाखवावी. आणि पोच दाखवताना त्याच पानावर न थांबता ब्राउझरला वेगळ्या पत्त्यावर पाठवावे, म्हणजे पान ताजे केले तरी फॉर्म पुन्हा जाणार नाही. फॉर्म भरणाऱ्यांनी अशा वेळी पुन्हा बटण न दाबता, दुसऱ्यांदा लॉगिन होऊन अर्जाची स्थिती पाहावी. अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवावा. फोटो काढलेला फोन हरवतो.

विद्यार्थ्यांसाठी सराव

यासाठी नेट लागत नाही, हे मुद्दाम सांगतो. झॅम्प हे मोफत पॅकेज एकदा संगणकावर घातले, की तोच संगणक स्वतःचा सर्व्हर होतो. तीन पानांचा छोटा फॉर्म तयार करावा : नाव, गाव, शिक्षण. आधी तो लपवलेल्या रकान्यांनी करावा आणि एफ-१२ दाबून तिसऱ्या पानावर गावाचे नाव बदलून पाहावे. मग तोच सेशनने करावा. दोन टॅब उघडून पहिल्यात एक नाव, दुसऱ्यात दुसरे भरावे, पुन्हा पहिल्या टॅबकडे येऊन पुढे जावे, आणि शेवटच्या पानावर कोणाचे नाव उमटते ते वहीत लिहावे. नंतर दुसऱ्या टॅबऐवजी दुसरा ब्राउझर घेऊन तेच करावे. झॅम्पच्या टीएमपी नावाच्या फोल्डरात प्रत्येक सेशनची एक फाइल दिसेल. ती नोटपॅडमध्ये उघडते. आत आपणच भरलेले नाव आणि गाव साध्या मजकुरात सापडेल. फाइलच्या नावातील लांब आकडा आणि ब्राउझरमधील कुकीतला आकडा शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून पाहावा. दोन्ही एकच निघतील.